तळपदे डॉक्टरांचा कापूस

तळपदे डॉक्टर पेशंटचं बोलणं ऐकतच नसत. खुर्चीत बसलं की कापसाचा बोळा दातांवरच्या तारेवरून फिरवायचे, खिडकीच्या उजेडात धरायचे आणि चक्क हुंगायचे. "काल चिवडा," एवढंच म्हणायचे. आपण काही सांगू लागलो की ठरलेलं वाक्य यायचं, "जीभ लबाड असते, दात नसतात." गिरगावातल्या त्यांच्या दवाखान्यात मी तेराव्या वर्षी गेले, ती पुढे आलेले दात घेऊन. शाळेत मला फावडी म्हणत. त्यांनी तार बसवली आणि बजावलं, राखुंडीने दात घासणं बंद, काहीही खाल्लं की ब्रश आणि मिठाच्या पाण्याच्या चुळा. तार खाचेत बसावी म्हणून ब्रशचे मधले केस त्यांनी स्वतः कात्रीने कापून दिले. माया होती हो, पण विश्वास म्हणाल तर नावालाही नाही.

त्यात दोष माझाच. पहिल्याच महिन्यात बोळा काळा निघाला आणि राखुंडीला हात लावला नाही, असं मी शपथेवर सांगून बसले. "आणखी एकदा खोटं बोललीस, तर तार काढून टाकीन," ते म्हणाले. तेव्हापासून मी दिवसातून चारदा मोरीवर ब्रश घेऊन उभी. डिलाईल रोडच्या आमच्या चाळीची चांगली करमणूक झाली. डॉक्टरांना मात्र स्वच्छ बोळ्याचाही संशय. इथे यायच्या आधी तेवढं घासून येतेस, म्हणायचे.

संयुक्त महाराष्ट्राचे दिवस होते. पत्रकं वाटल्याबद्दल बाबांवर वॉरंट होतं, ते रोज वेगळ्या खोलीत झोपत. नवा फेरीवाला आला तरी चाळीतल्या बायका त्याला नखशिखांत न्याहाळत. अशात एका रविवारी, मी वाण्याकडे गेले असताना, छत्री आणि डायरी घेऊन एक गृहस्थ आले. माझं नाव घेऊन विचारू लागले, सुमन कुठल्या खोलीत राहते, घरात कोण कोण असतं, मोरीवर किती वाजता येते? आपण कोण, ते सांगितलं नाही. अचानक धाड घालायची होती ना. शेजारच्या शेवंताकाकीने त्यांना जिन्यातच अडवलं.

"ह्या नावाचा कोणच हय रवना नाय."

पुढच्या चार दारांनीही तेच सांगितलं. सीआयडीला कसं पिटाळलं, हे काकी रंगवून सांगत होती आणि वर्णनावरून मी माणूस ओळखला. आईला म्हटलं, अगं, ते माझे डॉक्टर, मी खरंच दात घासते का ते बघायला आले असतील. ती म्हणाली, डॉक्टर असला म्हणून काय झालं, खबऱ्याच्या कपाळावर लिहिलेलं असतं का? दवाखान्यात बाबांचं नाव काढायचं नाही.

पुढच्या खेपेला डॉक्टरांनी पक्कड हातात घेतली. "खोटा पत्ता देणारी मुलगी मला नको. काही सांगायचंय?"

पेशंटला बोलायला सांगताना मी त्यांना पहिल्यांदाच ऐकलं. एका वाक्यात सगळं निस्तरलं असतं. माझी नजर टेबलावरच्या डायरीवर गेली. आई म्हणते तेच खरं असेल तर? मी नकारार्थी मान हलवली. तार निघाली. सवयीने त्यांनी बोळा फिरवला आणि उजेडात धरला. पांढराशुभ्र होता.

"दात तर स्वच्छ आहेत गं," ते हळूच म्हणाले. मी घरी पोचेपर्यंत रडत होते.

राज्य झालं, बाबा उजळ माथ्याने घरी राहू लागले. मी त्यांना सगळं सांगितलं, तसे ते उठले, चल म्हणाले. दवाखान्यात दुसरेच डॉक्टर होते. तळपदे हिवाळ्यातच वारले होते. बाबा टोपी काढून पायरीवर उभे राहिले.

दात पुन्हा पुढे आले, त्याचं मला काही नाही. त्याच दातांनी मी संसार केला, हसले, भांडले. पण तो माणूस मला खोटारडी समजूनच गेला, ते अजून सलतं.