खोताची खुर्ची

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही, आणि तिला तर माझ्या घोरण्याच्या सगळ्या तऱ्हा पाठ आहेत. तुम्हाला सांगतो. हसलात तरी चालेल — मीही इतकी वर्षं हसतोच आहे.

सौदीतल्या रास तनुऱ्यात आम्ही तिघं एकाच वर्कशॉपमध्ये. इयन आमचा स्कॉटिश साहेब, मी पंप दुरुस्त करणारा आणि मकबूल स्टोअरकीपर — माझ्याच गावचा, रत्नागिरीकडचा. मला इथे आणलं त्यानंच. शुक्रवारी समुद्रावर मासे भाजायचे आणि इयननं त्याच्या मुलखातल्या जुन्या सरदारांच्या गोष्टी सांगायच्या, हे ठरलेलं. जमीन सरदाराची, कसणारी कुळं त्याची. त्यानं हाक मारली की तलवार घेऊन निघायचं. मी म्हणालो, आमच्याकडे खोत असायचे. इयननं विचारलं, "मग तू कोण?"

साधा प्रश्न. उत्तरही साधंच होतं — माझे आजोबा कूळ. खोताच्या अंगणात उभे राहायचे. ओटीवर बसायची सोय नव्हती. आणि खोत कोण? मकबूलचे आजोबा! तो शेजारीच निखाऱ्यावरचा हामूर मासा उलटत बसलेला. तरी मी म्हणालो, "आम्ही खोत." एवढ्यावर थांबलो असतो तर — पण जीभ सैल सुटली होती. मकबूलकडे बोट दाखवून म्हणालो, "याचे आजोबा आमचं कूळ."

मकबूलनं वर पाहिलं. आता गेली अब्रू, असं मला वाटलं. तो उठला, आमच्यातली एकुलती एक खुर्ची पुढे केली आणि कमरेत वाकला. "बसा, खोतसाहेब!" इयन पोट धरून हसला.

मग इयन म्हणाला, त्याचे पूर्वज कूळच. सरदाराचंच आडनाव लावलं, त्याच्या घरी सरपण वाहिलं. अगदी मजेत सांगत होता. मग मलाच खोत व्हायची काय गरज पडली होती?

त्याला बारा वर्षं झाली. इयन निवृत्त झाला. जाताना 'खोतसाहेबां'ना लोकरी मफलर देऊन गेला — या उन्हात! मी तोही घेतला. सगळ्यांत जोरात टाळ्या मकबूलच्या. तो थट्टा करत होता, की माझी अब्रू झाकत होता? विचारायला घाबरलो. विचारण्याआधी कबूल करावं लागलं असतं ना.

पुढच्या महिन्यात मकबूल कायमचा गावी चाललाय. इकामा, म्हणजे इथला राहायचा परवाना, कागदपत्रं, सगळं खलास. काल शुक्रवार होता. मला येताना पाहून तो गुडघ्यावर हात टेकून उठला — गुडघा दुखतो त्याचा आता — आणि खुर्ची पुढे केली.

मी बसलो.