चाचांच्या दोन खुर्च्या

प्रत्येक प्रश्नाला दोन बाजू असतात असं आपण सगळेच म्हणतो, पण त्या दोन्ही बाजूंवर प्रत्यक्ष जाऊन बसणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. तो म्हणजे आमचे खालचे चाचा. मस्कतच्या अल हैल भागातल्या आमच्या इमारतीत ते पहिल्या मजल्यावर राहायचे आणि आम्ही दुसऱ्या, त्यामुळे त्यांची बाल्कनी आमच्या बाल्कनीच्या बरोबर खाली होती. मूळचे दाभोळच्या खाडीकाठचे. बायको गावी, मुलींची लग्नं झालेली, आणि इथे ते एकटे. एका क्लिअरिंग कंपनीत त्यांची नोकरी होती. आठवड्यातले तीन दिवस ते एमिरेट्सच्या सीमेवरच्या नाक्यावर ट्रकांचे कागद पास करून घेत आणि उरलेले दिवस मस्कतच्या ऑफिसात त्याच कागदांच्या नकला करत. त्यांच्या बाल्कनीत दोन प्लास्टिकच्या खुर्च्या होत्या. पांढरीचं तोंड समोरच्या दोन व्हिलांच्या फटीतून दिसणाऱ्या वीतभर समुद्राकडे, हिरवीचं तोंड गाड्यांच्या पार्किंगकडे. पांढरीत बसले की चाचा ओमान सोडून गावी जाण्याच्या बाजूने बोलत, हिरवीत बसले की इथेच राहण्याच्या बाजूने. मी त्या इमारतीत राहायला आलो तेव्हा हा खटला बारा वर्षं चालू होता. "खलास, या वर्षी जातो," असं पांढऱ्या खुर्चीतून ठणकावून सांगायचे, मग उठून हिरवीत बसायचे आणि विचारायचे, "जाऊन करणार काय?" समोर कुणी असण्याची गरज नसे.

खुर्च्यांची ही सवय घराबाहेर पडली की मोठी पंचाईत व्हायची. एकदा सीबच्या मासळीबाजारात मी त्यांच्याबरोबर गेलो होतो. सुरमई घ्यावी की हलवा, यावर चाचांनी दोन्ही माशांची बाजू इतकी मनापासून मांडली की मासे विकणारा म्हातारा ओमानी आधी हसला, मग कंटाळला, मग "यल्ला, चाचा" म्हणून दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. आम्ही अंडी घेऊन घरी आलो. गाडी चालवताना राउंडअबाउट आला की ते दोन-तीन फेऱ्या मारल्याशिवाय बाहेर पडत नसत. रस्ता माहीत नसायचा असं नाही, दुसऱ्या रस्त्यावर अन्याय नको एवढंच. डॉक्टरांनी गोड बंद करायला सांगितलं तेव्हा त्यांनी एका खुर्चीत बसून डॉक्टरांची बाजू मांडली आणि दुसऱ्या खुर्चीत बसून ओमानी हलव्याची. हलव्याची बाजू मांडताना वाटी हातात होती, त्यामुळे तिचं पारडं जरा जड झालं, हे त्यांनी नंतर स्वतःच कबूल केलं.

मी या माणसावर हसायचो. पण ज्या वर्षी ब्रिटनमध्ये युरोपीय संघात राहायचं की बाहेर पडायचं यावर मतदान होणार होतं, त्या वर्षी माझं हसू बंद झालं. जगाच्या राजकारणातलं मला कळतं अशी माझी समजूत होती. मी रोज सकाळी ऑफिसात इमारतींची ड्रॉइंग उघडण्याआधी तीन इंग्रजी वर्तमानपत्रं नेटवर वाचायचो. ब्रिटनने संघातच राहावं या बाजूचे अकरा मुद्दे मी वहीत लिहून ठेवले होते, आणि ते कुणी विचारील याची वाट पाहत होतो. माझा साहेब इंग्रज. अकरा वर्षं मी त्याच्या हाताखाली होतो, आणि तेवढ्या काळात त्याने माझं मत विचारलं ते फक्त प्रिंटरच्या बाबतीत. एकदा तो मला घरी सोडायला आला आणि पार्किंगमध्ये त्याची चाचांशी गाठ पडली. तासाभराने मी वरून वाकून पाहिलं, तर साहेब चाचांच्या बाल्कनीत हिरव्या खुर्चीत बसून मान डोलावत होता. दुसऱ्या दिवशी मला म्हणाला, तुझा शेजारी फार विचारी माणूस आहे. मी 'येस सर' म्हटलं आणि दिवसभर एकही ड्रॉइंग धड तपासलं नाही.

तरी साहेबाचं दुःख मी पचवलं असतं. मुलीचं पचलं नाही. ती तेव्हा नववीत होती. शाळेत वादविवाद स्पर्धा होती, विषय हाच, आणि कुठल्या बाजूने बोलायचं ते आयत्या वेळी चिठ्ठी काढून ठरणार होतं. मी आनंदाने माझी वही काढली आणि तीन पानी भाषण तयार करून दिलं. तिने ते वाचलं. "नाइस, बाबा," म्हणाली. मग विचारलं, "पण लीव्ह आलं तर?" मी म्हटलं, विचार करणाऱ्या माणसाला ती बाजू घेताच येणार नाही. तिने भाषण घडी करून दप्तरात ठेवलं आणि ती खाली गेली.

चाचांचं इंग्रजी कागदापुरतं आणि साहेबापुरतं होतं. ते तिला म्हणाले, "आधी माज्याशी आपल्या भाषेत बोल गो. मला पटला तर इंग्रजांना पण पटंल." आमची मुलगी मस्कतमध्येच वाढलेली. घरी आम्ही मराठीत विचारायचो आणि ती इंग्रजीत उत्तर द्यायची. मी रागावून पाहिलं, बक्षिसं लावून पाहिली, काही उपयोग झाला नव्हता. आणि आता संध्याकाळी मी चहाचा कप घेऊन बाल्कनीत उभा राहिलो की खालून तिचा आवाज यायचा, अडखळत, शब्द शोधत, पण मराठीत. "सार्वभौमत्व" हा शब्द तिने पहिल्यांदा उच्चारला तो चाचांच्या पांढऱ्या खुर्चीत. हळूहळू ते कोकणी वळणही जिभेवर आलं. एकदा जेवताना मला म्हणाली, "बाबा, असा कसा चालेल?" बायको हसली. मी हसलो नाही. माझ्या मुलीची मराठी माझ्या घराच्या खाली, माझ्या पायांखाली, दुसऱ्याच्या घरात रुजत होती, आणि मी वर कठड्याला टेकून ती चोरून ऐकत होतो.

चाचा तिला मुद्दे देत नसत, हे मी कबूल करतो. ते तिला ट्रकांच्या गोष्टी सांगत. "टमाट्याचा ट्रक नाक्यावर एक दिवस उभा ऱ्हायला, तर मालक रडतो. दोन दिवस ऱ्हायला, तर ड्रायव्हर रडतो. शेजारी मिळून एक कायदा केला तर ट्रक पुढे जातो. आता हो पलीकडच्या खुर्चीत. शिक्का मारणारा हात आपला असावा असा वाटणा, ते चूक हाय काय?" ती खुर्ची बदलायची आणि बोलायची. एकदा ती म्हणाली, "चाचा, मला या खुर्चीत बसायचंच नाही. ते लोक म्हणतात, बाहेरचे कामगार नकोत. तुम्ही पण बाहेरचेच आहात ना?"  चाचा म्हणाले, "मी पण त्या खुर्चीत बसत नव्हतो. पण ऑफिसात माज्या बाजूच्या टेबलावर एक ओमानी म्हातारा बसतो. त्याचा पोरगा शिकलेला, दोन वर्षं घरी. तो मला रोज चहा देतो, आणि रोज माज्या खुर्चीकडे बघतो. तो वाईट हाय काय गो? बस तू. त्याच्यासाठी बस." खुर्ची सरकल्याचा आवाज आला. माझ्या अकरा मुद्द्यांमध्ये हा म्हातारा कुठेच नव्हता. चांगला बाप असतो तर खाली जाऊन चाचांना हात जोडले असते. मला मात्र एवढंच वाटलं, की हे मला का सुचलं नाही.

त्यानंतर जे केलं ते मी आजवर बायकोलाही सांगितलेलं नाही. स्पर्धेला आठवडा उरला होता. मुलगी शिकवणीला गेलेली असताना मी खाली गेलो आणि चाचांना म्हणालो, "तिचं म्हणणं आहे की आता पुरे. तुमच्याकडे वेळ फार जातो, पण तुम्हाला तोंडावर सांगायला ती लाजते. आणि स्पर्धेलाही तुम्ही नाही आलात तर बरं. तिला दडपण येतं." चाचा पांढऱ्या खुर्चीत बसले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग उठून हिरवीत जाऊन बसले आणि म्हणाले, "बरोबर हाय. तुमी बाप हाव." एवढंच. मला वाटतं, ती त्यांच्या आयुष्यातली सगळ्यात छोटी उलटतपासणी असेल. संध्याकाळी मुलगी खाली निघाली तेव्हा मी तिला अडवलं. "चाचा दमलेत. तू रोज जातेस त्याचा त्यांना त्रास होतो, पण तसं सांगवत नाही त्यांना." तिचा चेहरा उतरला. "ही कुड हॅव टोल्ड मी," ती म्हणाली. इंग्रजीत. मला तेवढ्यावरूनच कळायला हवं होतं.

चिठ्ठीत तिला 'बाहेर पडावं' ही बाजू आली. ती छान बोलली. नाक्यावरचा ट्रक आला, शिक्का मारणारा हात आला. मग म्हाताऱ्याची गोष्ट सांगता सांगता तिने शेवटच्या रांगांकडे पाहिलं, कुणाला तरी शोधलं, आणि ती थांबली. नंतर आवाज सापडला, पण वाक्य सापडलं नाही. बक्षीस मिळालं नाही. परत येताना गाडीत तिने एकदाच विचारलं, "चाचा का नाही आले?" मी म्हटलं, "सीमेवर असतील." तो गुरुवार होता. गुरुवारी चाचा मस्कतला असायचे, आणि हे तिला माझ्याइतकंच माहीत होतं.

मतदानाचा निकाल लागला त्या सकाळी बायको आणि मुलगी सुट्टीसाठी पुण्याला होत्या. शुक्रवार होता. बातमी पाहून मी वही घेऊन बाल्कनीत आलो. माझे अकराच्या अकरा मुद्दे हरले होते. खाली चाचा एकटेच बोलत होते. रोजे चालू होते, त्यामुळे आवाज जरा कोरडा होता. "जिंकलाव ना? आता ट्रक उभे ऱ्हातील त्यांचा काय करणार?" खुर्ची सरकली. "करू कायतरी. पण आमचा आमी करू." पुन्हा खुर्ची सरकली. मग बराच वेळ कुठलीच खुर्ची सरकली नाही. मी खाली जायला हवं होतं. दोन जिने नव्हते, एकच होता. मी वही मिटली आणि घरात आलो.

पुढे तीन वर्षांनी चाचा खरंच गेले. त्यांचं काम शिकून घेतलेल्या एका ओमानी मुलाला कंपनीने ती जागा दिली. तो त्या चहा देणाऱ्या म्हाताऱ्याचाच मुलगा होता, आणि चाचांनी स्वतः त्याला सहा महिने कागद शिकवले होते. सामान कार्गोने पाठवायचं ठरलं तेव्हा कुठली खुर्ची न्यायची यावर पंधरा दिवस विचार झाला. दुधाच्या पावडरीच्या डब्यांबरोबर आणि ब्लँकेटांबरोबर पांढरी खुर्ची समुद्रापार गेली. जायच्या दिवशी दार उघडलं तर हिरवी खुर्ची आमच्या उंबऱ्याबाहेर होती, धुऊन पुसून. चाचा विमानतळावर पोचले होते.

मुलगी आता पुण्यात नोकरी करते. दर गुरुवारी संध्याकाळी तिचा फोन येतो आणि मी हिरव्या खुर्चीत बसून बोलतो. मागच्या महिन्यात ती सांगत होती की तिला बंगळूरची नोकरी आलीय, जावं की राहावं कळत नाही, म्हणून चाचांना फोन केला होता. ईदला करतेच, पण हा मुद्दाम. "मी त्यांना विचारलंच शेवटी," ती म्हणाली. "तेव्हा तुम्ही माझं येणं का बंद केलंत? तर म्हणाले, 'माजाच चुकला गो. मला कंटाळा आला होता. तुज्या बाबांनी बिचाऱ्यांनी माज्या वतीने सांगितला.' बाबा, मला ते अजून खरं वाटत नाही. चाचांना आणि कंटाळा?"

म्हणजे हा माणूस तेव्हाच सगळं ओळखून होता. माझं खोटं त्याने हिरव्या खुर्चीत बसून मान्य केलं होतं, आणि इतकी वर्षं दाभोळच्या खाडीकाठी पांढऱ्या खुर्चीत बसून तो माझीच बाजू मांडत होता. मी खुर्चीचे हात घट्ट धरले आणि तिला सगळं सांगितलं. वर उभा राहून चोरून काय ऐकायचो, चाचांना काय सांगितलं, तिला काय सांगितलं, त्या गुरुवारी चाचा सीमेवर नव्हते हेसुद्धा. कारणही सांगितलं. मला तुझ्या मराठीचा हेवा वाटत होता, म्हटलं, कारण ती माझी नव्हती.

 तिच्या खोलीतला पंखा ऐकू येत होता. मग म्हणाली, "मी खूप रागावलेय बाबा. फार वाईट केलंत तुम्ही. मला त्या दिवशी वाटलं होतं की मी कुणाला नकोच आहे."  माझ्या बचावाला एकही मुद्दा नव्हता.

"थांबा हं," ती म्हणाली, "खुर्ची बदलते."

फरशीवरून खुर्ची ओढल्याचा आवाज पुण्याहून अल हैलपर्यंत स्वच्छ आला. ती बसली, घसा साफ केला आणि माझ्या बाजूने बोलायला लागली, मराठीत, जराही न अडखळता. मी ऐकत राहिलो. आणि खरं सांगतो, त्या क्षणीही मला चाचांचा हेवा वाटला.