कोपऱ्यांना हळद

"पाहू नक्को, चिकटेल."

समोर कुणी आलं की अक्का आधी हे म्हणायची. काळा चष्मा नाकावर वर सारायची, तळहात उजव्या गालावर दाबायची आणि तोंड भिंतीकडे फिरवायची. दुकानातल्या तिच्या शेवटच्या दिवसांत तिच्याशी बोलायचं म्हणजे तिच्या अंबाड्याशी बोलायचं.

मद्रासच्या जॉर्ज टाउनमध्ये लग्नपत्रिकांच्या दुकानात ती कामाला होती. तंजावरकडच्या मराठी घरातली. बोलणं निम्मं मराठी, निम्मं तमिळ आणि सगळं गाण्याच्या चालीवर. मी शहराबाहेरच्या आवडी गावात, लष्करी क्वार्टर्समध्ये वाढलेली, एन्नोरच्या वीजकेंद्राच्या राखेविरुद्ध पत्रकं वाटत हिंडणारी. त्या दुकानाच्या मागच्या मशीनवर आमची पत्रकं स्वस्तात छापून मिळत, एवढीच आमची ओळख.

छापून आलेल्या पत्रिकांच्या चारही कोपऱ्यांना हळद लावणं हे अक्काचं काम. इथं हळदीशिवाय पत्रिका घराबाहेर पडत नाही. बोटांचे सांधे सुजलेले, सकाळी मूठ वळायची नाही, तरी तिचा ठिपका कधी पसरला नाही. एकदा आमच्या पत्रकांचा गठ्ठा सोडला, तर प्रत्येक कोपरा पिवळा.

"अक्का, हे निषेधाचं पत्रक आहे."

"असू दे की. निषेधाचंसुद्धा चांगलं व्हायला नको?"

राखेवरचं ते पत्रक लोकांनी देवघरात ठेवलं असेल, अशी मला आजही शंका आहे.

मग तिचा उजवा डोळा लाल झाला. मद्रासमध्ये लाल डोळ्याला एकच नाव, 'मद्रास आय'. म्हणजे आपल्याकडे डोळे येतात तेच. शहराचं नाव बदललं, आजाराचं कुणी बदललं नाही. आणि मद्रास आयवाल्याकडे नुसतं पाहिलं तरी ती आपल्याला होते, यावर इथल्या शिकलेल्यांचाही पक्का विश्वास. तुम्हीही पाहिले असतील असे लोक. समोरच्याचा डोळा लाल दिसला की बोलता बोलता त्याच्या चपलांकडे पाहू लागतात.

दुकानाच्या मालकांनी तिला जिन्याखाली, कागदाच्या रिमांमागे बसवलं. शुभकार्याचं गिऱ्हाईक येतं, लाल डोळा कशाला, असं त्यांचं म्हणणं. शिवाय तिची हळदीची वाटी काढून घेतली. मी भांडले. पाहण्यानं काही चिकटत नाही, हे मोठ्या आवाजात समजावलं. ते माझ्याशीही छताकडे पाहून बोलत होते. मला त्यांची किळस आली. त्यांच्या कपाळावरच्या ताज्या विभूतीचीसुद्धा.

वाटी गेली तेव्हा अक्का रडली नाही. एवढंच म्हणाली, "डोळा बरा झाला की वाटी देतील. बोललेत."

तिचं सगळं त्यावर अडकलं होतं. औषधवाल्यानं काउंटरच्या आतूनच थेंबांची बाटली सरकवली. बाटल्या संपत गेल्या, लाली हटेना. ना चिपडं, ना चिकटा. सकाळी पापण्या चिकटलेल्या नसायच्या. पण दुखायचं असं, की पहाटे कळ तिला उठवून बसवायची. डोळ्याच्या मागून निघून कानशिलात, तिथून जबड्यात. उजेड सोसायचा नाही, पदराचा स्पर्शही नाही. जबडा दुखतो म्हणून एका दातांच्या डॉक्टरानं तिची चांगली दाढ उपटली. दाढ गेली, कळ तिथंच.

"चांगली दाढ होती," ती जिन्याखालून म्हणाली. "चकली, मुरुक्कू, सगळं मोडायची."

गल्लीतल्या दवाखान्यातला डॉक्टर तर पुढची पायरी. टेबलापलीकडे बसून त्यानं लांबूनच टॉर्च मारली आणि मद्रास आय म्हणून मोकळा झाला. चष्मा काढायला सांगितला नाही. पापणी उचलली नाही. एवढ्या लोकांत त्या डोळ्याकडे एकानंही पाहिलं नव्हतं, आणि प्रत्येकाला आजाराचं नाव पाठ होतं.

शेवटी मी तिला डोळ्यांच्या मोठ्या इस्पितळात ओढून नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी अंधाऱ्या खोलीतली यंत्रावरची तपासणी झाल्यावर तिला खिडकीपाशी खुर्चीत बसवलं, उन्हाच्या उजेडात. अक्कानं सवयीनं तोंड फिरवलं आणि पुटपुटली, "पाहू नका, चिकटेल." बाईंनी तिची हनुवटी धरून चेहरा स्वतःकडे वळवला. मिटल्या पापणीवरून बोट जरासं टेकवलं, तर अक्का खुर्चीतून उठलीच. मग बाईंनी तिचे हात हातात घेतले, सुजलेले सांधे एकेक दाबून पाहिले आणि विचारलं, हे किती वर्षांचं?

ही मद्रास आय नव्हेच, त्या म्हणाल्या. डोळ्याची बाहेरची पांढरी भिंतच सुजली आहे. सांध्यांचा जो आजार आहे, तोच डोळ्यात उतरला आहे. लालीत जांभळी झाक आहे, ती उन्हातच कळते. एका जागी भिंत इतकी झिजली आहे की आतला निळा रंग दिसतो. गोळ्या सुरू करू, डोळा राहील. नजर किती राहील, सांगता येत नाही. लवकर यायला हवं होतं.

लवकर. ती तर रोज भर बाजारात, माणसांतच होती.

बाहेरच्या बाकावर अक्कानं चष्मा काढला. "पोरी, आता पाहा," म्हणाली. "नीट पाहा. चिकटत नाही म्हणाल्या." मी पाहिलं. जांभळट लालीत पाटीसारखा निळसर करडा एक डाग. तिनं डावा डोळा हातानं झाकला, माझ्याकडे तोंड करून थोडं थांबली आणि हसली. "तू आहेस हे कळतं. तू कशी आहेस ते नाही कळत."

दुखणं थांबलं, नजर परतली नाही. वाटीही नाही. आंधळ्या डोळ्याची बाई शुभकार्यात कशी चालेल, असं मालकांनी या खेपेला म्हटलं. भाऊ येऊन तिला तंजावरला घेऊन गेला.

मी लाल डोळ्यावर पत्रक लिहिलं. दुखणं जबड्यात उतरत असेल, चिपडं नसतील, उजेड सोसत नसेल, तर मद्रास आय म्हणून घरी बसू नका, असं. दुसरीकडे परवडेना म्हणून त्याच दुकानात छापायला टाकलं. आणायला गेले तेव्हा काउंटरवर नवी मुलगी पत्रिकांना हळद लावत होती, आणि मालक पहिल्यांदाच माझ्या तोंडाकडे पाहून बोलत होते.

गठ्ठा तिथंच सोडून पाहिला. छपाई चांगली होती. कोपरे पांढरे होते.