साडेपाच ते साडेसात

कंपनीत त्याला सगळे ‘पाना’ म्हणत, कारण जेवतानाही त्याच्या शर्टाच्या खिशातून एक पाना डोकावत असे. लिफ्ट दुरुस्त करणं हा त्याचा धंदा. एकतीस वर्षं कंपनीची छोटी व्हॅन घेऊन तो इमारतीमागून इमारती पालथ्या घालत आला होता. मोटर, दोर, दरवाजाचे रोलर, मधेच अडकलेली माणसं. माणसं अडकली की ‘अहो लिफ्टवाले, लवकर या हो’ म्हणून ओरडत. बाहेर आली की मागे वळूनही बघत नसत. त्याचं त्याला काही वाटत नसे.

घरी तो आणि त्याची ताई, दोघंच. दोघांचीही लग्नं राहून गेली होती आणि का, हे विचारायचं लोकांनी केव्हाच सोडून दिलं होतं. ताई त्याच्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी, शाळेच्या कचेरीत कारकून. तो दारातून आत आला की पहिला आवाज तिचाच: “बूट बाहेर! ग्रीसचे पाय घेऊन आत येऊ नकोस!” मग जेवताना ती बोलायची आणि तो ऐकायचा. भांडणंही ठरलेली होती. नळ नीट बंद न करणं, टॉवेल ओला ठेवणं, असली.

मग अठ्ठावन्नाव्या वर्षी ताईने लग्न केलं. नवरा म्हणजे वाचनालयात भेटलेला एक निवृत्त सर्वेक्षक, भला माणूस. पाना मनापासून खूश झाला. साक्षीदार म्हणून त्यानेच सही केली आणि ‘छप्पन्नाव्या वर्षी मला भाऊजी मिळाले’ असं कंपनीत सगळ्यांना सांगत सुटला. ताईची खोकी व्हॅनमध्ये घालून चार तासांवरच्या तिच्या नव्या गावी तोच पोचवून आला. परत येऊन त्याने कुलूप उघडलं. बूट घालून तो थेट स्वयंपाकघरापर्यंत गेला, तरी कोणी काही बोललं नाही.

त्यानंतर घरी आल्यावर तो व्हॅनमध्ये बसून राहू लागला. आधी रेडिओवरच्या बातम्या संपेपर्यंत. मग बातम्यांनंतरचा कार्यक्रम संपेपर्यंत. काही महिन्यांनी सीटखाली एक छोटी बाटली आली. गाडी जागेवर लावायची, रेडिओ लावायचा, हळूहळू प्यायची, मग वर जाऊन झोपायचं. एक मात्र खरं, प्यायल्यावर त्याने गाडी कधी इंचभरही हलवली नाही.

हिवाळ्यातल्या एका मंगळवारी त्याचा डोळा लागला. हीटरसाठी इंजिन चालू होतं आणि डोकं स्टिअरिंगवर टेकलेलं होतं. काचेवर टकटक झाली. बाहेर दोन पोलीस.

“काका, काच खाली घ्या. गाडी चालवत होतात?”

“नाही हो. बसलो होतो.”

“इंजिन चालू आहे.”

“थंडी आहे ना.”

“आणि वास?”

त्याने पोलिसांच्या श्वासतपासणीच्या नळीत फुंकलं, आकडा व्हायचा तेवढा झाला. चौकीतल्या बाकड्यावर दोन तास बसवून, परवाना काढून घेऊन त्यांनी त्याला सोडलं. आठवड्याने नोटीस आली: परवाना एक वर्ष निलंबित, हरकत असल्यास पंधरा दिवसांत कळवावी.

कंपनीने त्याला वर्कशॉपमध्ये लिफ्टच्या पॅनेलमधले जुने रिले साफ करायला बसवलं. “दोन महिने सांभाळतो,” मॅनेजर म्हणाला, “पण परवाना नसेल तर तुला बाहेर पाठवणार कसा?” कंपनीचा एक माणूस व्हॅन घेऊन गेला, तेव्हा सीटखालची बाटली पानाने स्वतःच काढून फेकली. त्यानंतर पुन्हा आणली नाही. तो बसने घरी यायचा, आणि आता बसून राहायला गाडीही नव्हती. थांब्यावर उतरून तो घराभोवती दोन चकरा मारायचा आणि नाइलाज झाला की वर जायचा.

रविवारी ताईचा फोन यायचा. “काम कसं चाललंय?”

“आपला धंदाच वर-खालीचा,” तो नेहमीचा विनोद करायचा. ती नेहमीसारखी हसायची. पुढचं तो गिळून टाकायचा.

त्याने मुदतीत हरकत नोंदवली. सरकारकडून मिळालेली वकील तरुण होती, पण पक्की. तिने कागद दोनदा वाचले. “काका, प्यायलात ते खरं. पण चालवत नव्हतात, हे दाखवता आलं तर बाजू आहे. तुम्ही तिथे रोज बसता, हे कोणाला माहीत आहे?”

“कोणालाच नाही.”

“घरचं कोणी?”

“बहीण आहे. तिला यात आणायचं नाही.” तो इतका ताडकन बोलला की वकीलबाईंनी पेन खाली ठेवलं. “तिला कळलं तर ती संसार सोडून इकडे येऊन बसेल. तिचं आत्ता कुठे सुरू झालंय.”

शेवटी साक्षीदार वकीलबाईंनीच शोधला. पोलिसांना फोन तळमजल्यावरच्या बाईंनी केला होता. टेलिफोन खात्यातून निवृत्त, एकट्या राहणाऱ्या, जिन्यात भेटल्या तर मान हलवण्यापुरती ओळख असलेल्या. बोलावलं तर त्या लगेच तयार झाल्या.

सुनावणी एका छोट्या खोलीत झाली. मधे टेबल, पलीकडे परवाना अधिकारी, कोपऱ्यात टाइप करणारा कारकून. तळमजल्यावरच्या बाई पर्स मांडीवर घट्ट धरून बसल्या होत्या.

“ते साडेपाचला येतात,” त्या म्हणाल्या. “गाडी लावतात. साडेसातपर्यंत बसतात. मग वर जातात. गाडी एकदा लावली की सकाळपर्यंत हलत नाही.”

“तुम्ही हे किती वेळा पाहिलं?”

“रोज. माझी खिडकी समोरच आहे.”

“रोज?” हे पानाच्याच तोंडून निघालं. त्याच्या कानापर्यंत रक्त चढलं. आपल्याला कोणी पाहत नाही, या भरवशावर तो वर्षभर तिथे बसला होता.

“त्या दिवशी डोकं खाली होतं,” बाई त्याच्याकडे न बघता म्हणाल्या. “मला वाटलं, गेले. म्हणून फोन केला. पकडून नेतील असं वाटलं नव्हतं.”

अधिकाऱ्याने चष्मा काढला. “तुमचं घर दोन जिने वर आहे. मग थंडीत दोन-दोन तास गाडीत का बसता? मला हे पटायला हवं.”

वकीलबाईंनी त्याला सांगून ठेवलं होतं, खरं सांगा आणि तेवढंच सांगा. पानाने टेबलाच्या कडेवरून अंगठा फिरवला.

“साहेब, घर खायला उठतं.”

कारकुनाचे हात थांबले. “हे कसं लिहू, साहेब?”

“बोलले तसंच लिही,” अधिकारी म्हणाला.

“बहीण होती, तिचं लग्न झालं,” पाना पुढे बोलत राहिला. “चांगलं झालं. मीच पोचवून आलो. पण कुलूप उघडायचं जिवावर येतं. गाडीत रेडिओ असतो, कोणीतरी बोलत असतं. मला कुठे जायचं नव्हतं हो. कुठे जाणार?”



निकाल बारा दिवसांनी टपालाने आला. चालू इंजिन असलेल्या गाडीत नशेत बसणं हा दोष मानला होता, पण चालवण्याचा इरादा दिसत नाही म्हणून वर्षाचे दोन महिने केले होते. त्यातले सात आठवडे सरले होते. उरलेले दिवस सरल्यावर एका सोमवारी तो पुन्हा व्हॅन घेऊन कामावर निघाला. जिन्यात तळमजल्यावरच्या बाई भेटल्या, तेव्हा तो थांबून “आभारी आहे” म्हणाला. “अहो, त्यात काय,” म्हणत त्या घाईने आत गेल्या. दोघांनाही अवघडल्यासारखं झालं होतं.

त्या रविवारी त्याने ताईला सगळं सांगितलं.

“मी लग्नच करायला नको होतं.”

“हे बोलशील म्हणूनच सांगत नव्हतो.”

“मी येते उद्या.”

“येऊ नकोस. सुट्टीत ये, भाऊजींना घेऊन ये. राहायला म्हणून येऊ नकोस.”

ती रडली, मग चिडली, मग जेवतोस का, काय जेवतोस, दिवा कुठला जळतो, नळ कुठला गळतो असं सगळं खोदून खोदून विचारत राहिली. त्याने एकेक उत्तर दिलं. फोन ठेवला तेव्हा बाहेर अजून उजेड होता. त्याने एक ताट घेतलं, भात वाढून घेतला आणि बाहेरच्या खोलीतली खुर्ची खिडकीपाशी ओढून जेवायला बसला. खाली रस्त्यावरून माणसं येत-जात होती. भात गार होता. त्याने तो तसाच खाल्ला.