अकरा एकांचा कौल

माझे वडील, पद्माकर हेरवाडकर, देवळाची पायरी कधी चढले नाहीत. बंगळुरातल्या एका संशोधन संस्थेत ते दिवसभर हाताने फिरवायच्या यंत्रावर आकडेमोड करत, आणि संध्याकाळी राजाजीनगरला घरी येऊन ती बरोबर होती का याची काळजी करत. अशा माणसाने कौल लावावा तो एका संख्येला, याचा मला भारी राग यायचा.

बासष्टच्या चीन युद्धात फौजेत असलेला माझा दादा, उपेंद्र, ईशान्य सीमेवर नेफात बेपत्ता झाल्याची तार आली. शाळेत असताना त्याने बाबांना विचारलं होतं, "अकरा एक ओळीने लिहिले तर त्या संख्येला कशाने भाग जातो?" बाबा म्हणाले होते, "बघून सांगतो." ते राहूनच गेलं. तार आल्यावर त्यांना नेमकं तेच आठवलं. त्यांनी घरात सांगून टाकलं, अकरा अब्ज अकरा कोटी अकरा लाख अकरा हजार एकशे अकरा ही मूळ संख्या निघाली, तिला कशानेच भाग गेला नाही, तर पोरगा परत येईल.

कोष्टकांच्या पुस्तकातली एकेक मूळ संख्या घ्यायची, पाटीवर भाग द्यायचा, बाकी उरली की पाटी पुसायची. थंडी सरली, ऊन तापायला लागलं. बाहेर पोस्टमन "इल्ला अम्मा", पत्र नाही, म्हणत पुढे जायचा आणि आत पाटी पुसली जायची. बाकी अगदी लहान उरली तरी बाबांच्या तोंडचं पाणी पळायचं.

"बाबा, संख्येला काय ठाऊक दादा कुठे आहे ते?" मी एकदा ओरडले. त्यांनी पाटी पुसली आणि पुढची संख्या घेतली.

एका रविवारी सकाळी त्यांनी एकवीस हजार सहाशे एकोणपन्नासने भाग दिला. बाकी शून्य. पुन्हा दिला. शून्यच. पाटी मांडीवर ठेवून ते भिंतीकडे बघत बसले. मला इतकी भीती वाटली की राग कुठल्या कुठे गेला.

आई तांदूळ निवडत होती. ती उठून आली, पाटीत डोकावली. "खाली शून्य आहे. वर काय आलंय?"

"भागाकार. पाच लाख तेरा हजार दोनशे एकोणचाळीस."

"त्याला भाग जातो का?"

"बघावं लागेल," म्हणत बाबांनी पेन्सिल उचलली आणि ते थांबले. "नाही गं. बघायलाच नको. याला लहान संख्येने भाग गेला असता तर त्या मोठीलाही गेला असता. आणि लहान संख्या सगळ्या मी तपासल्यात."

"मग कौल याचा घ्या," आई म्हणाली, "आणि चार घास खाऊन घ्या."

बाबा पाटी छातीशी धरून रडले.

मे महिन्यात दादा चीनच्या कैदेतून सुटला. स्टेशनवर तो कुबडीच्या आधाराने उतरला. डावं पाऊल बर्फात गेलं होतं.

"बाबा, सगळा नाही आलो," तो हसायचा प्रयत्न करत म्हणाला.

बाबांनी त्याला घट्ट धरलं. "तुझ्या त्या संख्येला भाग जातो रे," ते म्हणाले. "पण जी उरते ना, तिला कशानेच जात नाही."