आईच्या कानांनी शिकलेलं यंत्र

लॅबच्या संकेतस्थळावर माझ्या फोटोखाली चार ओळी आहेत. बालपण पुण्यात, शिक्षण कॉम्प्युटर सायन्स, संशोधन पक्ष्यांचे आवाज ओळखणाऱ्या यंत्रावर, छंद पक्षिनिरीक्षण. वाचणाऱ्याला वाटावं, काय आखीवरेखीव मुलगी आहे. खरं म्हणजे यातला छंद माझा नाही, आईचा आहे, आणि संशोधनही त्या छंदातूनच निघालेलं आहे.

आम्ही विश्रांतवाडीला राहतो. इमारतीच्या मागे लष्कराच्या हद्दीतली झाडी, त्यामुळे गच्चीवर पक्षी भरपूर. आई शाळेत विज्ञान शिकवायची. मी लहान असताना ती मला सकाळी गच्चीवर न्यायची, डोळे मिटायला लावायची आणि आवाजावरून पक्षी ओळखायला सांगायची. चुकले की म्हणायची, "छान. आपल्याकडे कबुतरं सोडून बाकी सगळं कबुतरच असतं." कौतुक करताना मी तिला फारसं पाहिलेलं नाही.

पीएचडीचा विषय ठरवायची वेळ आली तेव्हा मला दुसरं काही येतच नव्हतं. यंत्राला शिकवायचं तर आधी कुणीतरी माणसाने ढीगभर ध्वनिमुद्रणं ऐकून कुठे कोणता पक्षी आहे याच्या खुणा कराव्या लागतात. माणूस म्हणेल ते खरं धरायचं, यंत्र त्यावरून शिकतं. आई तेव्हा नुकतीच निवृत्त झाली होती. दुपारचं जेवण झालं की ती हेडफोन लावून माझ्या जुन्या लॅपटॉपसमोर बसायची आणि खुणा करायची. तांबट, भारद्वाज, शिंजीर, चष्मेवाला. बाबा चहाचं विचारायला आले तर त्यांना हातानेच थांबवायची. इतकी खूश मी तिला नोकरीत असतानाही पाहिली नव्हती.

पुढे कधीतरी यंत्र बिघडलं, असं मला वाटलं. आईने जिथे काहीच खूण केली नव्हती तिथे त्याला शिंजीर ऐकू यायचे. चष्मेवाले ऐकू यायचे. मी म्हटलं, कुकरची शिट्टी असेल, रिव्हर्स घेणाऱ्या गाडीचं गाणं असेल. आईचं चुकत असेल हे माझ्या डोक्यातही आलं नाही. जिने मला पक्षी शिकवले तिला शिंजीर कळणार नाही होय? मग मी यंत्रालाच शिस्त लावायला घेतली. आई नाही म्हणते तिथे तूही नाही म्हण, हे त्याच्या गळी उतरवण्यात बरेच आठवडे गेले. शेवटी ते गप्प झालं. चुका कमी झाल्या आणि माझे गाइड खूश झाले. म्हणाले, "आता पेपर लिहायला घे."

पेपरसाठी नमुना हवा म्हणून मी एक ध्वनिमुद्रण स्वतः ऐकलं. आईच्या खुणांप्रमाणे त्यात नुसता भारद्वाज होता. प्रत्यक्षात भारद्वाजाच्या घुमण्यावर एक शिंजीर त्याच्या बारीक आवाजात अगदी स्वच्छ बोलत होता. मी दुसरं ऐकलं, तिसरं ऐकलं. जाड आवाजाचे पक्षी एकूण एक बरोबर होते. बारीक आवाजाचे हळूहळू गळत गेले होते. वय झालं की कान असेच जातात, वरच्या पट्टीपासून, हे मी स्वतः सेमिनारमध्ये सांगितलं होतं. म्हणजे यंत्राला नीट ऐकू येत होतं आणि मी त्याला मारून मुटकून आईइतकं बहिरं केलं होतं. घरात टीव्हीचा आवाज वाढला होता, त्याबद्दल आम्ही दोघी बाबांना नावं ठेवत होतो. तेही बिचारे ऐकून घेत होते.

मला वाईट वाटलं, आणि त्याहून जास्त भीती वाटली. खुणा दुसऱ्या कुणाकडून करून घेता आल्या असत्या. पण त्या काढून घेतल्या, तर आईच्या दुपारींत काय उरणार होतं?

त्या रविवारी सकाळी आम्ही दोघी चहा घेऊन गच्चीत बसलो होतो. शेजारच्या प्लॉटवर नवी इमारत उठत होती.

"शिंजीर गेले गं इथले," आई म्हणाली. "या बिल्डरांनी हाकलले. कित्येक महिन्यांत एक ऐकला नाही. तुला बोलले नाही, म्हटलं तुझ्या अभ्यासात उगाच अपशकुन नको."

इतके दिवस ती त्यांच्यासाठी एकटीच हळहळत होती. आणि समोर, पाण्याच्या टाकीजवळच्या जास्वंदीवर, एक शिंजीर बसून बोलत होता.

मला गप्प बसता आलं असतं. पुण्यात बिल्डरला दोष द्यायला पुरावा लागत नाही. पण ती त्यांना गेलेलं समजून बसली होती, ते मला सोसवेना.

"आई, ते बघ," मी म्हटलं. "बोलतोय तो."

तिने बघितलं. त्याची चोच उघडत होती, मिटत होती. तिचा चेहरा आधी खुलला, मग तिला कळलं.

"कधीपासून?"

"वर्ष झालं असेल."

"म्हणजे वर्षभर तुला चुकीचं शिकवलं मी."

"जाड आवाजाचे सगळे बरोबर आहेत."

"हो का? म्हणजे काठावर पास."

पुढे तपासणी झाली, श्रवणयंत्र आलं, माणसांचं बोलणं तिला पुन्हा नीट ऐकू यायला लागलं. ती वरची पट्टी मात्र परत यायची नाही, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. खुणांचं काम तिने आपणहून सोडलं. दुपारी आता ती झोपते.

त्या सकाळी मात्र ती जास्वंदीवरून नजर काढायला तयार नव्हती. "कसा बोलतोय?" तिने विचारलं. "करून दाखव."

इतकी वर्षं त्या आवाजाचे आलेख काढलेली मी, पण तोंडाने करायला गेले तर घोगरं काहीतरी निघालं. पुन्हा केलं. ती माझ्याकडे झुकून, मन लावून ऐकत होती.

"अस्साच?"

"अस्साच," मी म्हटलं. तसा तो मुळीच नव्हता.