गुंडावरची दोन नावं

त्या वर्षी आमच्या गल्लीत माणसं हळू बोलू लागली. भांडणंसुद्धा दार लावून व्हायची.

गल्लीच्या टोकाला एका खोलीत चार गवंडी राहायचे. वैशाली नगरात घरं बांधायला जायचे आणि आपसात बंगालीत बोलायचे. एका दुपारी पोलिसांची गाडी आली आणि चौघांना बसवून घेऊन गेली. कुणी म्हणालं कागद तपासायला नेलं, कुणी म्हणालं आता येत नाहीत. खोलीला कुलूप लागलं. दाराबाहेर सिमेंट वाळून कडक झालेल्या चपलांचा एक जोड तेवढा राहिला. तो कुणी उचलला नाही. मी पाणी भरायला जाताना पलीकडच्या कडेने जायची.

दोन दिवसांनी माझी मुलगी म्हणाली, "मम्मी, बाहर मराठी मत बोला कर. लोग देखते हैं."

माझा जन्म दुर्गचा, तिचा इथलाच. वडिलांनी सारी नोकरी छत्तीसगढातच, इथल्या पोलाद कारखान्याच्या भट्टीसमोर काढली. तरी मी तिचं ऐकलं. नळावर शेजारच्या काकूंशी हिंदीत बोलले. काकूंनी बादली खाली ठेवून माझ्याकडे पाहिलं.

"तुले काय झालं वं? मी काय बँकेची मॅडम आहो का?"

काकू पंचाहत्तरीच्या. लग्न होऊन वर्ध्याकडच्या एका खेड्यातून इथे आल्या. काका प्लांटमध्ये फिटर होते, ते गेले. मुलं झाली नाहीत. शाळेचं तोंड त्यांनी पाहिलेलं नाही. मी चौथी शिकलेली, म्हणून त्यांची चिठ्ठी, औषधाचा कागद, विजेचं बिल, सगळं माझ्याकडे यायचं. बोलायला त्या, वाचायला मी, असं आमचं वाटून घेतलेलं होतं.

मग मतदारयादीची तपासणी निघाली. अंगणवाडीची मॅडम घरोघर फॉर्म देऊन गेली. काकूंचा फॉर्म मीच भरला. महिन्याभराने त्यांच्या नावाची नोटीस आली. यादीत एक नाव आहे, आधार कार्डावर दुसरं. तारखेला शाळेत हजर होऊन पुरावा द्या, नाहीतर नाव निघेल.

ही दोन नावं कशी झाली, ते मला सगळं माहीत होतं.

आमच्यात लग्नात नवरीचं नाव बदलतात. ताटात तांदूळ पसरतात, नवरा अंगठीने त्यात नवं नाव लिहितो, आणि त्या दिवसापासून जुनं नाव कुणी घेत नाही. काकूंचं नवं नाव रेशनच्या कागदावर होतं, यादीत होतं, काकांच्या पेन्शनीत होतं. पण आधार कार्डं काढायला आम्ही दोघी गेलो तेव्हा मशीनवरच्या मुलीने विचारलं, "अम्मा, असली नाम क्या है?" काकू जराशा लाजल्या आणि माहेरचं नाव सांगितलं. मी बाजूलाच उभी होते. हे नाव चालायचं नाही, हे मला कळत होतं. पण मागे रांग होती, मुलगी घाईत होती, आणि चारचौघांत मला कधी बोलता येत नाही. मी गप्प राहिले. मग पेन्शनीच्या वेळी बँकेत एकदा घोळ झाला, तो एका ओळखीच्या बाबूने निभावून नेला आणि आम्ही विसरलो.

"कावून सांगतलं काकू तेव्हा ते नाव?" मी विचारलं.

"तिनं असली इचारलं न. पन्नास वर्षांत कोनं इचारलंच नव्हतं." मग म्हणाल्या, "नाव काटलं त काय करतीन मग? मलेबी गाडीत नेतीन का?"

हसून म्हणाल्या, पण उत्तराची वाट पाहत राहिल्या. मी नोटिशीवरची तारीख पुन्हा वाचली.

घरी सांगितलं तर हे चिडले. हे हथखोजला एका कारखान्यात वेल्डिंग करतात, ठेकेदाराकडे. "तू मधात पडू नोको. आज तिचे कागद मांगून राहिले, उद्या आपले मांगतीन. कोनाच्या नजरेत याचं नाही सध्या." ते वाईट माणूस नाहीत. घाबरले होते. मीही घाबरले होते. रात्री जेवताना टीव्हीवर कुणीतरी ओरडून बाहेरचे किती आणि आपले किती ते सांगत होता. यांनी आवाज बंद केला आणि आम्ही त्याचं तोंड हलताना पाहत जेवलो.

तारखेच्या आदल्या दिवशी मी काकूंची पेटी उपसली. काही नाही. माहेरचं कुणी उरलं नव्हतं. हताश होऊन पाणी प्यायला गेले तर हात गुंडावर गेला. पाण्याचा पितळी गुंड, काकूंच्या लग्नातला. काठाखाली खिळ्याच्या ठिपक्यांनी काढलेलं नाव होतं, माहेरचं, वडिलांच्या नावासकट. त्याच्या खाली दुसरं नाव, सासरचं, काकांच्या नावासकट.

"हे दुसरं कोणी टाकलं?"

"तुह्या काकानं. कोनाच्या घरी लगन असलं का भांडे मांगून नेत. दुसऱ्याचा गुंड आपल्या घरी, आपला त्याच्या घरी. मंग एक दिवस बाजारात नेला अन् टाकून आनलं. म्हने, आता हरपत नाही."

दुसऱ्या दिवशी आम्ही गुंड पिशवीत घालून शाळेत गेलो. हे कामावर गेल्यावर. वर्गातले बाक भिंतीला लावले होते, बाहेर रांग व्हरांडाभर. गेटवर तीन-चार जवान पोरं मोबाईल धरून उभी होती, रांगेतल्या माणसांचे फोटो काढत होती. का, ते कुणी विचारलं नाही. मी पदर पुढे ओढला.

नंबर आला. काकूंनी गुंड टेबलावर ठेवला. टेबलामागच्या साहेबांनी आधी गुंडाकडे, मग आमच्याकडे पाहिलं.

"ये क्या है, माताजी? पानी पिलाओगी?"

मागे कुणीतरी हसलं. काकूही हसल्या, कारण त्यांना वाटलं साहेब चांगला आहे.

"बर्तन नहीं चलेगा. कागज़ लाओ. अगला."

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. अगदी तसंच, जसं आधारच्या मशीनसमोर नाव सांगून पाहिलं होतं, बरोबर सांगितलं ना, म्हणून.

माझा आवाज निघाला तो मलाच ओळखू आला नाही. "साहब, दोनों नाम इनके हैं. हमारे में शादी में नाम बदलता है. आधार बना उस दिन मेरे सामने गलत लिखाया. मैं खड़ी थी, मैं बोली नहीं." मग मी ती दोन्ही नावं मोठ्याने म्हटली. काकूंचं माहेरचं नाव मी पहिल्यांदाच तोंडाने घेतलं.

साहेब थांबले. पोरांचे मोबाईल माझ्याकडे वळलेले मला दिसत होते. "लिखकर दो," ते म्हणाले. "दो गवाह लगेंगे."

मी एक. दुसरी कोण? आमच्या गल्लीतलं कुणी आलं नव्हतं. मागून एक छत्तीसगढी बाई पुढे आली. मागच्या बस्तीत राहणारी, बाजारात भाजी विकते, तेवढीच ओळख. तिच्या हातातही नोटीस होती. "मोर अंगूठा ले लव साहब," ती म्हणाली, आणि काकूंना म्हणाली, "दाई, तोर घर के पानी पिए हौं मैं." मी अर्ज लिहिला, सही केली, तिने अंगठा दिला. गुंड उचलून पिशवीत घालायलाही तिनेच हात लावला.

रात्री यांना सगळं सांगितलं. झोपताना त्यांनी विचारलं, "सही कोनत्या नावानं केली?"

"माझ्याच."

मोबाईलवाल्या पोरांनी त्या फोटोंचं पुढे काय केलं ते अजून कळलेलं नाही. दारासमोर गाडी थांबली की मी अजून उठून बसते.

यादी शाळेच्या भिंतीला लागली त्या सकाळी मी आणि काकू गेलो. मी बोट ठेवून वाचत गेले. काकूंचं नाव होतं. मी त्यांना दाखवलं, त्यांनी त्यावर हात फिरवला, वाचता येत नाही तरी. मग म्हणाल्या, "अन् तिचं?"

आम्ही भाजीवाल्या बाईचं नाव शोधलं. तिच्या बस्तीचं पान दोनदा वाचलं. खालून वर वाचलं. नव्हतं.

काकू भिंतीपासून वळल्या. सकाळ होती, रस्त्यावर फार कुणी नव्हतं. मला घरी जावंसं वाटत होतं, ते खरं सांगते.

"तिचं घर ठाव आहे का तुले?"

"नाही. बाजारात विचारू."

"चाल मंग. पेन आहे न?"

पेन होता. गल्लीच्या टोकावरून जाताना त्या बंद खोलीसमोर काकू थांबल्या, वाकल्या, आणि गवंड्याच्या चपला उचलून उन्हातून सावलीत, दाराला लावून ठेवल्या. मग आम्ही बाजाराकडे निघालो.